वरच्या कप्प्यातलं घड्याळ

४ मे

ताईने बाबांना घड्याळ पाठवलं. सोलर! तेही वरच्या कप्प्यातलं! घड्याळांच्या दुकानात काउंटरमागे रोज उभी असते मी, आणि ही बाई आणते तिच्या गावातल्या दुकानातून.

बाबा छापखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशी मीही सोलरच दिलं होतं. खालच्या कप्प्यातलं. पांढरी तबकडी, काळा पट्टा. सोज्वळ. आज ताईचं त्यांनी लगेच मनगटावर चढवलं. माझं कुठे गेलं कोण जाणे.

५ मे

दिवसभर गिऱ्हाइकांपुढे तेच पुराण. खालचा कप्पा — साधी काच, ओरखडे पडतात. मधला — काच टणक, बाहीत अडकत नाही. वरचा — वजन जाणवत नाही, वेळ आपली आपण लावून घेतं. जगतात मात्र तिन्ही उजेडावरच.

"मग जास्तीचे पैसे कशाचे?" एका आजोबांनी विचारलं.

"मिरवायचे," मी म्हटलं. मालकांनी डोळे वटारले.

११ जून

बाबा ते घालून भांडी घासतात, कुंड्यांची माती उकरतात. वर शेजारच्या काकांना दाखवतात — "मोठीने पाठवलं!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेतं? पथ्याचं कोण रांधतं? आणि मोठीने पाठवलं!

२ जुलै

जळते मी. लिहून टाकलं. बरं काही वाटलं नाही.

२० सप्टेंबर

बाबांच्या वाढदिवसाला शर्ट दिला. "झकास आहे गं!" म्हणाले आणि आत घेऊन गेले. गेल्या वर्षीचाही कधी अंगावर दिसला नाही. मी आणलेलं सगळं जातं तरी कुठे?

९ नोव्हेंबर

दुकानात एक बाई बंद पडलेलं सोलर घेऊन आल्या. कित्येक महिने ट्रंकेत होतं. "काळोखात उपाशी मेलं बिचारं," मालक म्हणाले. माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. ताईचं घड्याळ बाबांच्या कपाटात, ब्लँकेटांमागे सारायचं. हरवलं म्हणून शोधू देत. मग सापडेल — बंद! एवढं महागाचं आणि बंद!

१० नोव्हेंबर

बाबा दुपारी आडवे झाले. उशाजवळचं घड्याळ उचललं, कपाट उघडलं, वरच्या कप्प्यात हात घातला — आणि माझाच खोका हाती आला. मऊ रुमालात गुंडाळलेलं माझं घड्याळ. काटे थांबलेले. खाली माझे दोन्ही शर्ट, टाचण्यांसकट.

"काय शोधतेस?" बाबा उठून बसले होते. माझ्या मुठीत ताईचं घड्याळ!

"हे... हे का ठेवून दिलंत?"

"मग काय रोज घालून वाटोळं करू? पोटाला चिमटा काढून आणलंस तू ते."

"आणि ताईचं?"

"ते दणकट आहे गं. त्याला काय होतंय!"

उजेड नसला तर ते मरतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. जगाला सांगते. माझं घड्याळ खिडकीत ठेवलं, ताईचं गुपचूप उशाजवळ. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

१२ नोव्हेंबर

ताईचा फोन. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, बाबांनीच सांगितलेलं. "तुझं रुमालात जपतात," ती म्हणाली, "आणि माझं घालून भांडी घासतात." मग हळूच — "मी अजून महागाचं आणायला हवं होतं का गं?"