अक्का, तुझा पाळणा सपाट केला होता

प्रिय अक्का,

काल तुझ्या नातीचं बारसं झालं, इथे लातूरला, माझ्या घरी. शिल्पाचं माहेर आता मीच ना! तू नाहीस, तरी पाळणा तूच म्हटलास. कसा, ते तुला कळवायलाच हवं, कारण त्यावरून मी तुझ्या जावयाशी, संतोषशी, भांडले.

शिल्पाच्या बारशाला भरलेली ती कॅसेट आठवते? संतोषनं ती नांदेडला मोबाइलवर उतरवून घेतली. सकाळी कौतुकानं लावली आणि पहिल्याच ओळीला पोरगी दचकून रडायला लागली. सख्ख्या आजीच्या आवाजाला!

"हे काय केलंत?"

"मावशी, कॉम्प्रेस करून घेतलं. हळू आवाज वर उचलला, मोठा खाली दाबला. आता सगळं एकसारखं ऐकू येऊन राहिलं ना!"

"एकसारखं? मग उद्यापासून भाकरी, पिठलं, ठेचा मिक्सरमधून एकत्रच फिरवून देते. चावायचाही त्रास नको!"

मोबाइलचा आवाज कमी करून पाहिला. गाणं नुसतं लांब गेलं. तुझी कुजबुज काही परत आली नाही. आणि मागची ताटांची खणखण तुझ्याच तोलाची!

बायकांना तू कधी "गप्प बसा" म्हणाली नाहीस. पहिलं कडवं बाळाच्या कानाशी, इतकं हळू की गप्पा मारणारीलाच वाटावं, आपलं काही हुकतंय. नावाच्या कडव्याला मात्र आवाज थेट रस्त्यावर! तोच चढ संतोषनं रोलर फिरवून सपाट केला. राग येणार नाही मला?

मी कॉन्व्हेंटात शिकताना सिस्टर सांगायच्या, मोठ्यानं बोल. लोकांनी ऐकावं तर आवाज उतरवावा, हे तुझ्याकडून मिळालं. नोकरीभर वर्ग मी त्यावरच सांभाळले. तुला कधी सांगितलं का ग मी हे?

संतोष रुसला नाही. मूळ उतरवलेलं त्यानं जपून ठेवलं होतं, देव त्याचं भलं करो. दुपारी तेच लावलं, खरखरीसकट. मुरुडच्या काकूंचं चालूच होतं, "आमच्याकडं लई ऊन हाय बाई, परवा तर..." वाक्य तिथंच टाकून त्या पाळण्याकडे वाकल्या. मग सगळ्याच वाकल्या. पोरगी टक्क जागी, पण गप्प. ओळीआधीचा तुझा श्वास ऐकू आला. शिल्पा म्हणाली, "मावशी, आई!" एवढंच.

पुढच्या बारशाला मोबाइल नाही. पाळणा मी म्हणेन, आणि हळू सुरू करीन. घरात मी कायम खणखणीत, म्हणून हसतेस काय? शब्द दिलाय, जमवीन.

तुझी खणखणीत धाकटी,
मंदा