हापशाची जागा

२० ऑगस्ट १९८२
लातूर जिल्हा झाला! आता उस्मानाबादपर्यंत हेलपाटे बंद. पाऊस नाही. बारवेच्या तळाला हिरवं पाणी, तेच पिऊन निम्म्या गावाला नारू. शेजारच्या गुणाबाईच्या पायातून वीतभर जंत दोऱ्यासारखा लोंबतोय. आजच आरोग्य समिती स्थापली. अध्यक्ष मी. रिटायर्ड हेडमास्तर गावात दुसरा आहे कोण? मागणी एकच, हापसा.

२ सप्टेंबर
शिवकांता म्हणते, हापसा येईल तवा येईल, तोवर समद्यांना पानी फडक्यानं गाळायला सांगा की. बायकोला पॉलिसी कळत नाही. नारू कमी झाला तर सरकार हापसा कशाला देईल? आपल्या घरातलं फडकंही बंद करायला लावलं. अध्यक्षाच्याच घरी गाळलेलं पाणी दिसलं तर केस वीक होते. रुसली आहे. समजेल हळूहळू.

११ डिसेंबर
हापसा मंजूर!! निव्वळ माझा पाठपुरावा. समितीतल्या चंद्रप्पाला तो त्याच्या दुकानासमोर हवा, शेषेरावला त्याच्या गल्लीत. ठराव केला, अध्यक्षाच्या सहीशिवाय जागा ठरणार नाही. दोघांनाही खासगीत हो म्हणून ठेवलंय. समितीची एकी अशीच टिकते.

९ फेब्रुवारी १९८३, संध्याकाळ
संताप संताप! बोअरची गाडी आली आणि गेली. मी लातुरात, गाडी का येत नाही म्हणून साहेबांना निवेदन देत होतो. इकडे चंद्रप्पा आणि शेषेराव गाडीपुढं भांडत बसले. ड्रायव्हरनं विचारलं, जागा कोन दाखवनार हाय? दोघं म्हणाले, गुरुजींची सही लागती. दुपारपर्यंत थांबून तो पलीकडच्या वाडीला गेला. वाडीला पाणी लागलं. समितीच्या लोकांत शिस्तच नाही.

१० फेब्रुवारी
फेरमंजुरीसाठी अर्ज. महिन्याभरात काम होणार, खात्री आहे.

१४ सप्टेंबर
शिवकांताच्या घोट्याला आठ दिवस फोड होता. गांधीलमाशी चावली असेल, असं मीच म्हणत होतो. आज फुटला. नारूच. पाय टेकवत नाही. एवढंच विचारलं, घरात पानी न्हाई, कोन आननार?

घागर घेऊन वाडीच्या हापशावर गेलो. बायका म्हणाल्या, गुरुजी, मागं थांबा, नंबर हाय. मग एकीनं विचारलं, बाईंना काय झालं? मी म्हणालो, माहेरी गेली आहे. नंबर यायला वेळ होता, म्हणून पुढच्या निवेदनाचा मसुदा मनात जुळवायला लागलो. पहिल्या ओळीच्या पुढं जमलाच नाही.