नावं घेण्याचं काम

१ जानेवारी १९२६, शुक्रवार. सकाळ.

नवीन वर्ष, नवीन वही, नवीन सिस्टिम. उद्यापासून घरात दोन वेळा प्रार्थना. पहाटे उठून एकदा, संध्याकाळी दिवे लागले की एकदा. गीत, शास्त्राचा उतारा, धर्माची प्रश्नोत्तरी, मग नावं, मग आमेन. आम्हा ल्युथरन लोकांत घरधनी हाच घरचा पाद्री. बाहेर मी कर्जत स्टेशनातला गुड्स क्लार्क असेन, ह्या क्वार्टरमध्ये मात्र जबाबदारी मोठी आहे.

ईस्टरच्या आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी पाद्रीसाहेब येणार. लाइनवर आमचं असं हे एकच घर, म्हणून वर्षातून एकदा मुद्दाम उतरतात. गेल्या वर्षी म्हणाले होते, कर्जतचं हे घर म्हणजे एक लहानशी मंडळीच आहे. यंदा त्याहून जास्त काहीतरी म्हणायला लावायचं.

घरात आई, ही, आवडी आणि मी. गेल्या वर्षी शमू पण होता. सप्टेंबरात हिवतापाने गेला. पाच वर्षांचा होता. त्याबद्दल ह्या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं आहे. ही वही प्रोग्रेससाठी आहे.

२ जानेवारी, शनिवार

थंडी फार. शिवाय शनिवारी नवं काम काढण्यात अर्थ नाही. सोमवारपासून.

४ जानेवारी, सोमवार

सुरुवात झाली! सगळे हजर. आईला बसल्या बसल्या झोप लागली, पण चेहरा भक्तिभावाचा होता. आवडी नऊ वर्षांची, तिची प्रश्नोत्तरी चोख. मी ‘ह्याचा अर्थ काय?’ म्हणायचा अवकाश, की उत्तर.

हिचं मात्र अडतं. पुस्तक उघडून मांडीवर धरते, ओठ हलत नाहीत. प्रश्न विचारला की माझ्याकडे बघत राहते. लग्नाआधी मिशनच्या बोर्डिंगात हिला पाठांतराचं बक्षीस मिळालं होतं, हे लक्षात घेता स्मरणशक्ती बरीच उतरली आहे. उपाय: रिपीटेशन. बदामही आणावेत.

१७ जानेवारी, रविवार

बदाम आणले. आईने खाल्ले.

हिची प्रगती नाही. मी वैतागलो नाही. धीर हा घरधन्याचा पहिला गुण.

एक नोंद इथे करून ठेवावी. आमच्या घरात प्रार्थनेच्या शेवटी घरातल्या एकेकाचं नाव घेतात आणि प्रभू, ह्याला सांभाळ, हिला सांभाळ असं म्हणतात. लग्न झाल्यापासून हे काम हिचं. हिचा आवाजही त्याला चांगला. पण शमूला पुरून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी हिने नावं घेताना आवडीच्या पाठोपाठ शमूचं नाव घेतलं. मी तिथेच थांबवलं. मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात नाही. लोको शेडमधले गोव्याचे रोमन कॅथलिक लोक करतात, मेणबत्त्या लावून. मी अगदी सौम्य शब्दांत समजावलं, आणि त्या दिवसापासून नावं घ्यायचं काम स्वतःकडे घेतलं. हिला तेवढीच विश्रांती.

हिने त्यावर काही वाद घातला नाही. म्हणजे पटलं.

७ फेब्रुवारी, रविवार

आशेचा किरण दिसला. डोंगरावरच्या वाडीतली सोमी लाकडाची मोळी घेऊन येते, तिच्याशी ही मागच्या दाराशी बोलत होती. मी आतून ऐकलं. सोमी विचारत होती, “बाय, तुज्या पोराचं नाव काय व्हतं गं?” हिने सांगितलं. सोमीने पुन्हा विचारलं. हिने पुन्हा सांगितलं. असं कितीतरी वेळ चाललं होतं.

सोमीची स्मरणशक्ती हिच्याहूनही कच्ची दिसते, एवढं सोपं नाव लक्षात राहत नाही. पण विचारलं हे महत्त्वाचं. सुवार्तेची सुरुवात अशीच होते. सोमीला रोज प्रार्थनेला बसवावं. पाद्रीसाहेबांना दाखवता येईल.

८ फेब्रुवारी, सोमवार

सोमीला सांगितलं. ती म्हणाली, “मोळी इकायची हाय, बसाया येळ नाय.” मोळी मी घेतली. तरी गेली.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज जरा गडबड झाली. संध्याकाळी मी नावं घेत होतो. आवडीचं नाव घेतलं आणि श्वास घ्यायला थांबलो, तेवढ्यात आवडी डोळे मिटूनच म्हणाली, “शमूला सांभाळ.” जुनी सवय. मी रागावलो नाही. फक्त तिच्याकडून सगळी नावं पुन्हा म्हणवून घेतली, ते नाव वगळून. दोनदा अडखळली, म्हणून पुन्हा. शेवटी रडत रडत का होईना, बिनचूक म्हणाली.

ही मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली. दूध उतू जात असावं. आई म्हणते आज दूध आलंच नव्हतं. पण आईला हल्ली विसरायला होतं.

१७ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

उपवासकाळ सुरू. ईस्टरपर्यंत विडी बंद. घरधन्याने आधी स्वतः करून दाखवावं, मग घर आपोआप मागे येतं. बंडल चुलीत टाकलं. ही बघत होती. प्रभाव पडला असणार.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

विडीबद्दल. मालाच्या वॅगनी घाटाखाली अडकल्या, दुसरं इंजिन मागून लावेपर्यंत सगळा स्टाफ यार्डात. थंडीत सगळे ओढत होते. एकट्याने न ओढणं म्हणजे आपण इतरांहून वरचढ आहोत असं दाखवणं झालं, आणि गर्व हे पाप आहे. म्हणून ओढली.

सकाळची प्रार्थना तात्पुरती रद्द. माझी ड्यूटी बदलली. संध्याकाळची चालू आहे. आवडी अभ्यास आहे म्हणून मधूनच उठून जाते, आई झोपते, हिला त्याच वेळी नेमकी भांडी घासायची असतात. तरी मी पूर्ण करतो. दारातून आवाज स्वयंपाकघरात नीट जातो, म्हणजे हीही हजरच धरायला हरकत नाही.

९ मार्च, मंगळवार

ही आवडीला घेऊन खालापूरला गेली, भावाकडे. वाल्मिकराव तिथे दवाखान्यात कंपाउंडर आहेत. त्यांच्या बायकोचे दिवस भरत आले आहेत, मदतीला कोणीतरी हवंच. मी लगेच परवानगी दिली. खरं म्हणजे मी परवानगी देईपर्यंत ट्रंक भरून झाली होती.

बरोबर न्यायला प्रार्थनेचं टाइमटेबल सुवाच्य अक्षरात काढून दिलं होतं. ते फडताळावर राहिलं. पुन्हा तीच स्मरणशक्ती.

खोपोलीच्या गाडीत बसल्यावर ही म्हणाली, “त्याचं नाव घ्यायला जागा नाही, त्या प्रार्थनेत मला बसवत नाही. मी देवाला काही मागत नव्हते. नुसतं नाव घ्यायचं होतं. तुम्ही माझं तोंडच बंद केलंत.” आवडी खिडकीतून दुसरीकडे बघत होती.

निघताना बायकांचं मन हळवं होतं. चार दिवस माहेरचं जेवली की निवळेल. झावळ्यांच्या रविवारच्या आत येईलच, पाद्रीसाहेब येणार हे तिला माहीत आहे.

२२ मार्च, सोमवार

वाल्मिकरावांना मुलगा झाला. निरोप आला. ही आणि आवडी कधी येणार, त्याचा उल्लेख नाही. घाईत राहून गेलं असेल.

घर स्वच्छ केलं. आई म्हणाली, “तू जाऊन घेऊन ये रं तिला.” मी म्हणालो, ती गेली तशी येईल. आई म्हणाली, “ती गेली नाय रं, तू घालवलीस.” आई म्हातारी झाली आहे.

शमूची चादर अजून दुसऱ्या ट्रंकेवर घडी घालून ठेवलेली होती. पाद्रीसाहेबांना बसायला जागा हवी म्हणून उचलली. मग परत ठेवली. जागा आहे तशी पुष्कळ आहे.

२८ मार्च, झावळ्यांचा रविवार

पाद्रीसाहेब आले. आई आणि मी, दोघंच. मी सांगितलं की बाकीचे खालापूरला सेवाकार्यासाठी गेले आहेत. ते म्हणाले, छान. मग इकडे तिकडे बघून म्हणाले, आणि तो छोटा? गेल्या वर्षी मांडीवर बसून माझ्या घड्याळाची साखळी ओढत होता तो?

त्यांना कळलंच नव्हतं. माझं कळवायचं राहून गेलं होतं. कामाचा व्याप.

मी सांगितलं. ते तिथेच गुडघे टेकून म्हणाले, त्याचं नाव सांगा, आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू. मी त्यांना अदबीने आठवण करून दिली की मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात चालत नाही. त्यांनी वर बघितलं. म्हणाले, “असं तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या जुन्या लोकांनी ह्याला कधीच बंदी केली नाही. एकदा-दोनदा मन मोकळं करून मागावं आणि मग देवावर सोपवावं. मंडळीत मी नेहमी करतो. घरच्यांनी नाव घेतलं नाही तर घ्यायचं कोणी?”

मी म्हणालो, मला तसं वाटलं होतं. ते म्हणाले, विचारायचं होतं मला.

मग त्यांनीच शमूचं नाव घेतलं. आई त्यांच्या पाठोपाठ म्हणाली, मोठ्याने. ती जागी होती. मला त्या वेळी खोकल्याची उबळ आली म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो. विडीमुळेच. विडी आता खरंच सोडली पाहिजे.

जाताना घराबद्दल काही म्हणाले नाहीत.

३१ मार्च, बुधवार. सकाळ.

नवा विचार. नियमच जर तसा नसेल तर माझी काही चूक होत नाही. मला चुकीची माहिती होती, एवढंच. ही जेव्हा हे ऐकेल तेव्हा तिलाही बरं वाटेल. आज दुपारच्या गाडीने खोपोली, तिथून पायी खालापूर. परवाचा उत्तम शुक्रवार, प्रभूच्या मरणाचा दिवस, सगळ्यांनी घरात एकत्र पाळायचा.

बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे. आधी बाळाची विचारपूस. मग म्हणायचं, नावं घ्यायचं काम आजपासून पूर्ववत तुझ्याकडे. शमूचं नावही घे, माझी काही हरकत नाही. हे मोठ्या मनाने म्हणायचं, उपकार केल्यासारखं वाटता कामा नये. रात्री तिथेच जेवण, उद्या सकाळी तिघं परत. आईला सांगितलं, उद्या भात जास्त टाक.

१ एप्रिल, गुरुवार

परत आलो. एकटा.

खालापुरात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. वाल्मिकरावांच्या गल्लीच्या तोंडाशी होतो तेव्हाच आतून गीत सुरू झालं. आवाज ओळखीचा. प्रार्थनेच्या मध्येच दार वाजवणं बरं नव्हे, म्हणून खिडकीखाली भिंतीला टेकून उभा राहिलो. वाटलं, संपली की आत जावं.

गीत झालं. हिने उतारा वाचला, कुठे अडखळली नाही. मग आवडीला विचारलं, ह्याचा अर्थ काय, आणि आवडीला येईना तेव्हा हिने स्वतःच सगळं उत्तर पाठ म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. आवडी हसली. आवडीला हसताना मी सप्टेंबरानंतर ऐकलं नव्हतं.

मग ही नावं घ्यायला लागली. दादांना सांभाळ. वहिनीला. नव्या बाळाला. कर्जतला आईंना सांभाळ, त्यांचे गुडघे दुखतात. सोमीला सांभाळ, तिच्या पोरीला सांभाळ. आवडीला सांभाळ. शमूला सांभाळ. माझ्या शमूला सांभाळ.

भिंतीशी खाली बसलो आणि तोंडात उपरणं कोंबून रडलो. रस्त्याने कोणी बैलगाडीवाला जात होता, त्याने विचारलं, “काय झालं वं दादा?” मी म्हणालो, पायात काटा गेला. माझं पोर गेलं आहे आणि ते गेलं असं मी एकदाही कोणाला नीट म्हणालो नव्हतो. पाद्रीसाहेबांना सांगितलं तेही हवापाण्याची बातमी द्यावी तसं.

डोळे पुसून पुढचं ऐकायला लागलो. आता पुढे कोण ते मला माहीतच होतं. लग्न झाल्यापासून मुलांची नावं झाली की शेवटचं नाव माझं. मी उठून उभा राहिलो, कपडे झटकले. नाव ऐकलं की लगेच दार वाजवायचं असं ठरवलं.

सगळे आमेन म्हणाले. मग पाट मांडल्याचा आवाज आला.

आत गेलो नाही. बाळंतिणीच्या घरात जेवणाच्या वेळी असं अवचित जाणं योग्य दिसत नाही. खोपोली स्टेशनात बाकावर बसलो आणि सकाळच्या गाडीने आलो. आईने जास्तीचा भात टाकून ठेवला होता. विचारलं, “भेटली का रं?” मी म्हणालो, प्रार्थनेत होती. आई म्हणाली, “मग तुजं नाव घेतलं का न्हाय?”

घेतलं असणार. मी गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच घेऊन झालं असणार.