वाकण्याआधीचा टेकू

नाना,

सगळं गाव तुम्हाला नाना म्हणायचं. मी उभ्या जन्मात 'ऐका का' एवढीच हाक मारली, आणि तीही तुम्ही निम्म्या वेळा ऐकली नाही. आता तुम्हाला उलट बोलता येत नाही, म्हणून नावाने लिहिते. तिसरीपर्यंतची शाळा माझी. अक्षराला नावं ठेवू नका.

लिहायचं कारण असं, की आज तीन वाजता नयनाची फायनल आहे. हो, आपल्या दिलीपचीच लेक नयना. तुम्ही गेले तेव्हा भावाचा शर्ट घालून बांधावर पळायची, ती आता देशाकडून बॉल टाकते. पार समुद्रापलीकडे गेली आहे. आपल्या भाऊबंदांतल्या भास्करच्या केळीच्या शेडमध्ये मोठा पडदा लावलाय, ढोलवाले सकाळपासून चहा ढोसतायत. रावेरहून माणसं यायची आहेत. दिलीप नवा शर्ट घालून नवरदेवासारखा फिरतोय.

आणि जे कोणालाच माहीत नाही ते मला माहीत आहे. सांगू कोणाला? दिलीपला सांगितलं तर आधी रडेल, मग ओरडेल. म्हणून तुम्हाला सांगते.

काल दिवेलागणीला तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. गायीचं विचारलं, भरताची वांगी निघाली का विचारलं. मी म्हटलं, "वांग्यासाठी एवढ्या लांबून फोन केलास का गं?" मग माझ्या बोलीत आली. तुम्ही माझ्या अहिराणीतल्या 'शे'ला किती हसायचे! माहेरच्या गावावरून नरडाणावाली म्हणून चिडवायचे. पण पोरीला दुखलं-खुपलं की तीच बोली लागते.

"आजी, पाठ दुखी ऱ्हायनी."

"कुठे?"

"तठेच. मागच्याच जागी."

मागची जागा तुम्हाला माहीत नाही. दोन वर्षांमागे तिच्या पाठीच्या हाडाला चीर गेली होती. कमरेच्या वर, डाव्या अंगाला. जोरात बॉल टाकणाऱ्यांना जाते म्हणे, उसासारखं शरीर पिळतात ना ते. किती महिने घरी पडून होती! छताकडे बघत बसायची. तिच्या जागी दुसरी पोरगी खेळली, आणि त्या पोरीने विकेट काढली की ही आपली टाळ्या वाजवायची आणि मग न्हाणीत जाऊन नळ सोडायची. नळाच्या आवाजात रडणं लपतं असं तिला वाटायचं. मला काय कान नाहीत?

म्हणून आता कोणाला सांगायचं नाहीये तिला. सांगितलं की जागा गेली. एकच मॅच तर उरली, म्हणते, दात आवळून बॉल टाकते. आणि वर काय म्हणाली माहीत आहे?

"आजी, कोनले सांगू नको."

नाना, हे शब्द कोणाचे?

तुमचे! वैशाखात केळीच्या बागेत टेकू लावत होते तुम्ही. छातीत कळ आली, बांधावर बसले, सुट्टीला आलेली नयना सोबत होती, तिला म्हणाले, "आजीला सांगू नको, उगाच गाव गोळा करेल." घरी येऊन माझ्या हातचं जिऱ्याचं पाणी प्यायले आणि म्हणाले, पित्त आहे. दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर आडवे. पोरीने शब्द राखला हो! सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, माझ्या कुशीत शिरून सांगितलं. तेवढीशी पोर. तिला मी कधी एका शब्दाने बोलले नाही. पण तुम्हाला बोलते. लेकराच्या ओटीत काय टाकून गेले तुम्ही?

केळीचं तुम्हाला सगळं कळायचं. चांगला घड धरलेलं झाडच कमरेत मोडतं, वांझ झाड कधी मोडत नाही, म्हणायचे. गड्याने एकदा वाकलेल्या झाडाला टेकू लावला तर किती शिव्या दिल्या होत्या त्याला! "वाकल्यावर टेकू लावणारा शेतकरी नसतो, तो नुसता बांबू रोवणारा." मग स्वतःचं झाड वाकत होतं तेव्हा कुठे गेली ही अक्कल?

मी काल तिला म्हटलं, "तू सांग तुझ्या त्या पाठीच्या मॅडमला. उद्या आमची जेवणं होईपर्यंत वाट बघते. नाहीतर मी सांगते."

"सांगशील तर जन्मभर बोलणार नाही तुझ्याशी."

"नको बोलू. जन्म तुझा लांब आहे, माझा उरलाय किती?"

ठेवला फोन. तिने ठेवला.

आता जेवणं झाली. माझी नाही झाली, बाकीच्यांची झाली. फोन आला नाही. त्या मॅडमचा नंबर आहे माझ्याकडे. नयना घरी पडून होती तेव्हा त्या बाई रोज फोनमध्ये दिसायच्या आणि तिच्याकडून पाय वर-खाली करून घ्यायच्या. मी मागे वांगी चिरत बसायचे. 'आजी नमस्ते' म्हणायच्या.

दाबू का नंबर? सांगा ना! एरवी सगळ्या गावाला सल्ले द्यायचे.

तुम्हीच लावलं ना हे खूळ. केळीचा कापलेला खांब शेडच्या मागे उभा करायचा आणि तिने लांबून पळत येऊन बॉल मारायचा. लागला की थप्प आवाज, आणि खांबातून पाणी उडायचं. तुमच्या तोंडावर जे हसू यायचं ते आपल्या लग्नात पण नव्हतं. मग तिला धुळ्याला माझ्या भावाकडे ठेवली, ग्राउंडसाठी. एसटीत बसवून आले आणि मला म्हणे, रडू नको. रडत कोण होतं?

आणि कानबाईच्या सणाचं ते वर्ष! आपल्या घरात देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू पुरुषामागे सव्वा मूठ घेतात. सगळे भाऊबंद ओट्यावर जमले होते. तुम्ही नयनाचा हात धरून गव्हात घातला. भास्कर म्हणाला, "नाना, पोरीची मूठ कुठे धरतात? ती उद्या लोकाघरी जाईल."

तुम्ही म्हणाले, "हिच्या मुठीत बॉल मावतो. तुझ्या मुठीत नुसती तंबाखू. कोणाची धरू?"

आणि आज त्याच भास्करने तिचा एवढा मोठा फोटो लावलाय शेडवर, खाली स्वतःचा त्याहून मोठा.

बस झालं. पेन ठेवते. फोन करते.

केला.

माझी हिंदी मोडकी, पण अडखळले नाही. म्हटलं, "मॅडम, नयना की पीठ दुखती है. वो नहीं बोलेगी, मैं बोलती."

त्या म्हणाल्या, "आजी, हमने कल भी पूछा था. मना किया उसने."

"पूछना मत. हाथ लगाके देखो. डावी बाजू, कमर के ऊपर."

बाई म्हणाल्या, "आपका नाम नहीं लूँगी."

मी म्हटलं, "लेना. मेरा ही नाम लेना." चोरून करायला मी काय कणसं चोरतेय?

नाना, तीन वाजून गेले. मी शेडमध्ये गेले नाही. ओट्यावर बसून ऐकत होते. ढोल वाजत होता, वाजत होता, आणि मधेच थांबला. अकरा नावं सांगितली असतील, त्यात नयनाचं नसेल. एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी तुमच्या दहाव्यानंतर आज ऐकली.

मग भास्करचा आवाज आला. "राजकारण आहे हे! आपल्या खानदेशच्या पोरीला मुद्दाम बसवलं!"

दिलीप धावत घरी आला. तोंड पांढरंफटक. "माय, ऐकलंस का? राजकारण केलं कोणीतरी."

मी म्हटलं, "मी केलं."

सगळं सांगितलं त्याला. पाठीचं, आणि तुमच्या छातीचं पण. ते त्याला आजवर माहीत नव्हतं. आधी ओरडला, मग रडला. एवढाच फरक पडला माझ्या अंदाजात. मग पाणी प्यायला आणि शेडकडे गेला, भास्करचं तोंड बंद करायला.

मॅडमचा फोन आला होता. बोट लावल्याबरोबर पोरगी कळवळली म्हणे. उद्या मशीनमध्ये फोटो काढतील. चीर आहे की नुसती सूज, तेव्हा कळेल. "आज खेलती तो..." म्हणाल्या आणि पुढचं गिळलं.

मॅच चालू आहे. जिंकतात की हरतात, कानबाईला ठाऊक.

आत्ता, हे लिहिता लिहिता, परत फोन वाजला. नयना. मी उचलला. मागे लोकांचा गलका ऐकू येत होता. नाक ओढलं तिने.

मग म्हणाली, "मी बोलत नाहीये तुझ्याशी."

"बरं."

"फक्त विचारायचं होतं. रोट कधी आहेत यंदा?"

"श्रावणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी."

"घरीच असेन मी." आणि ठेवला.

नाना, आता ऐका का! शब्द देते तुम्हाला. यंदा रोटाला तिची मूठ तीच घालेल, भास्करच्या नाकासमोर. ती परत पळेल की नाही, मी सांगू शकत नाही, पण पळायला लागेपर्यंत टेकू मी आहे, मग बोलो माझ्याशी नाहीतर न बोलो. आणि माझं काही दुखलं-खुपलं तर मी सगळ्या गावाला ओरडून सांगेन, डॉक्टरला झोपू देणार नाही. तुमच्यासारखी गुपचूप निघून येणार नाही. तिकडे माझी घाईने वाट बघत असाल तर बसा बघत.

तुमची,
नरडाणावाली