तळहातावरचा चुरा

३ मार्च १९५८
नोकरी मिळाली! तळ्याकाठी टुमदार घर, मागे सफरचंदाची झाडं, आणि रांधायचं दोघांपुरतं: साठीचे डॉन रिकार्डो आणि त्यांची बायको ट्रूडे. मालक हसरे आहेत. माझं नाव इथे ओल्गा. शाऊल भाऊजींनी ब्वेनोस आइरेसहून मला कशाला धाडलंय, हे दोघांना कळलं की संपलंच. म्हणून लिहिते ते आमच्या ज्यूंच्या यिद्दिशमध्ये.

६ मार्च
भाऊजींना एवढंच हवंय: नाझी छावणीचा तो अधिकारी हाच का? मिंडलताईला त्यानेच नेलं. मीही तिथेच होते, पण मान वर करायची कुणाची छाती होती? चेहरा कधी पाहिलाच नाही. याला संशय आला तर पुन्हा देश बदलेल. भलत्यालाच धरलं तर ते पाप माझ्या माथी.

११ मार्च
हा तर कुत्र्याला मांडीवर घेऊन भरवतो. शेजारीण पिलार म्हणते, माझ्या मेल्या नवऱ्याने जरा याच्याकडून शिकावं! मला हसू आलं. भाऊजींना पत्र टाकलं: हा तो नव्हे, त्याला धरायला धाडलेली माणसं परत बोलवा.

१४ मार्च
बाई बाहेर गेल्या होत्या. मालकांनी आग्रहाने मला टेबलाशीच जेवायला बसवलं. मी पाव मोडला. ते खायचे थांबले, माझ्या हाताकडे बघत राहिले. मग अगदी लाडाने म्हणाले, बराकीतल्या सगळ्याजणी अश्शाच खायच्या, खाली तळहात धरून, कण सांडू न देता. सवय जात नाही ना गं?
मी तशी खाते हे मलाच ठाऊक नव्हतं.
तोच आहे. आणि माझं पत्र —

१४, संध्याकाळ
तार करायला निघाले तर फाटकाला कुलूप. बाई ट्रंका भरतायत. हवापालटाला जायचंय म्हणे, तूही चल. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

१५, सकाळ
खोलीला बाहेरून कडी. तो दाराशी येऊन गोड आवाजात विचारतो, झाली का तयारी, पोरी? गाडी निळी — चिलीच्या वाटेने —
वही खिडकीतून पिलारच्या अंगणात टाकते. वर भाऊजींचा पत्ता घातलाय.
भाऊजी, पत्र चुकलं. हाच तो. मला शोधत बसू नका, आधी त्याला —