राजानं शब्द दिला कधी?

रवि. ३ सप्टें. ०६, वॉटफर्ड
हे हॉस्पिटलमधून घरी. जिना चढताना माझा खांदा धरला. ‘तुझ्या केसांना अजून तोच खोबरेलाचा वास.’ डोळे भरले. खोलीत आल्यावर विचारतात, मुलं किती आपल्याला? दोन, म्हटलं. सॅमसन तुमच्या पहिल्या बायकोचा, रूबेन माझा. दोघंही तुमचेच.

मंगळ. ५
सॅमसनचा ब्रिस्टलहून फोन. नव्याच्या सणाला, आमच्या वर्षारंभाला, हॉल बुक केलाय, आमंत्रणंही गेली. ‘प्रार्थनेला बाबांच्या जागी मीच उभा राहणार, मावशी. तोराह इकडे आणतो.’
ह्यांच्या वडिलांची अलिबागची, हातानं लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी. आमच्या कपाटात आहे. ती जिथे तिथे प्रार्थना, ती ज्याच्याकडे त्याचा मान. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, इथे मूठभर घरं, पण राज्य ते राज्यच.
सॅमसनला हिब्रू वाचता येत नाही. पाठ म्हणतो, मोठ्यानं. रूबेन वाचतो, अर्थ लावतो, आणि गप्प बसतो.
‘जाऊ दे ना, मम्मी. दादाला हवंय तर.’
मला नाही जाऊ द्यायचं.

गुरु. ७
तोराह रूबेनला द्यायची, असं हे म्हणाले होते. तो तेरा वर्षांचा झाला तेव्हा, त्याच्या बार मिट्झवाच्या दिवशी, स्वयंपाकघरात. मी भांडी पुसत होते. दुसरं कुणी नव्हतं.
आज सारखी शाळा आठवते. मेणाचा वास, सिस्टरांचा पांढरा झगा. दावीद राजा म्हातारा, थंडीनं कुडकुडणारा. मोठा मुलगा अदोनीया परस्पर मेजवानी घालून गादीवर बसू बघतो. धाकट्या शलमोनाची आई बथशेबा आत जाते, म्हणते, महाराज, माझ्या शलमोनाला शब्द दिला होतात ना?
मी हात वर केला होता. ‘सिस्टर, शब्द दिला कधी? बायबलात आधी कुठेच नाही.’
वर्ग हसला. ‘सिट डाउन, चाइल्ड. देवाला शहाणा राजा हवा होता.’
बसले. पटलं नव्हतं.

शनि. ९
संध्याकाळी शब्बाथचा विसावा सुटल्यावर सगळ्यांना फोन. उद्या ह्यांच्या नावानं मलिदा, गोड पोह्यांचं ताट मांडून प्रार्थना. सॅमसनलाही बोलावलं. ताटासमोर, सगळ्यांदेखत ह्यांना विचारीन. मलिद्यासमोर आमच्यात खोटं बोलत नाहीत, संदेष्टा एलियाहू हनाबी ऐकत असतो.
फोन ठेवला. त्या दिवशी हे म्हणाले होते? की मी म्हटलं, आणि हे नुसते हसले...

रवि. १०
पोहे भिजवले, खोबरं खवलं, साखर दोनदा घातली बहुतेक.
ह्यांचा शर्ट बदलताना हळूच विचारलं, ‘तोराह कुणाला द्यायची म्हणाला होतात?’
 ह्यांनी माझा हात थोपटला. ‘तुला आठवतंय ना? मग तू सांग. मी हो म्हणेन.’
खाली गाडी थांबली. रूबेननं दार उघडलं. ‘ये दादा. ट्रॅफिक होता का?’
‘ते सोड. बाबांनी ओळखलं का रे तुला आज?’ सॅमसनचा आवाज पहिल्यांदाच इतका लहान.
ताट मांडून झालंय. हे काठीला हात घालताहेत. ह्यांना धरून खाली नेते.