टोस्टसाठी गोळीबार

३ मार्च, सकाळी ७.१०
निश्चय झाला. ऑफिसात बिलिंगला बसते तिला सिनेमाला न्यायचं आणि लग्नाचं विचारायचं. एकतीसला तिची दुसऱ्या शाखेत बदली. म्हणजे अठ्ठावीस दिवस आहेत. घाई नाही.
स्थळ, चौकातलं जुनं थिएटर. आजोबांच्याही आधीचं. खुर्चीचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि वेटर वाकत वाकत जेवण आणतो. आधी पाहणी करणार.

८ मार्च
पाहणी. एकटाच. सूप अंधारात शर्टावर. सूप बाद. टोस्ट चावला तर पुढच्या बाई वळून म्हणाल्या, लाकडं तोडताय का हो? तेवढ्यात पडद्यावर गोळीबार झाला आणि पुढचा घास कुणालाच ऐकू आला नाही. शोध लागला!

१५ मार्च
तोच सिनेमा. शाळा अर्ध्यात सुटली, पण मिनिटं टिपण्यात माझा हात कोणी धरणार नाही. गोळीबार चार, वादळ एक, नायिकेचं रडणं दोन. कटलेट रडण्यात बसतं. टोस्टला गोळीबारच हवा. लग्नाचं वाक्य इंटरव्हलनंतर, वादळाच्या आधी.
म्हातारा वेटर म्हणाला, साहेब, गोष्ट कळली नाही का अजून? दुर्लक्ष केलं.

२२ मार्च
तिसरी पाहणी. आई म्हणाली, अरे, पण त्या मुलीला येतेस का म्हणून विचारलंस का? आईला प्लॅनिंग कळत नाही.

२३ मार्च, दुपारी १.०५
विचारलं. हो म्हणाली. मग डिस्पॅचला येऊन पार्सलांवर तीन लेबलं उलटी चिकटवली.

२९ मार्च, मॅटिनीनंतर
सगळं वेळेवर. प्रत्येक गोळीबाराआधी तिला कोपराने खुणावलं, आता खा. पहिल्यांदा हसली. तिसऱ्यांदा म्हणाली, अहो, मला बघू द्या ना. घाबरली असेल म्हणून धीर दिला की हा हिरो मरत नाही, खुनी त्याचा भाऊच आहे. इंटरव्हलला तिचं डोकं दुखायला लागलं आणि ती घरी गेली. हॉल कोंदट आहे, हे पाहणीत सुटलं. तिचं कटलेट मी ठरल्याप्रमाणे रडण्यात संपवलं.

३१ मार्च
निरोपाचा चहा. ती सगळ्यांना सांगत होती, काल मावशीबरोबर सिनेमा पुन्हा पाहिला, या वेळी शांतपणे. शेवटी भाऊच निघाला म्हणे. म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास बसला असणार.
पार्सलांसाठी नव्या शाखेचा पत्ता तिच्याकडून लिहून घेतला. कागद परत देताना ती म्हणाली, तुम्हाला काही विचारायचं होतं का?
हो म्हणालो. पिनकोड विचारला.